मेन बंद, स्विच बंद, तरी टेस्टर पेटलेला

इलेक्ट्रिकलला अ‍ॅडमिशन घेतलेल्या प्रत्येकाच्या नशिबी एक वाक्य लिहिलेलं असतं. "तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? मग हे बघ जरा." 'हे' म्हणजे कधी शेजारच्या काकूंचा मिक्सर, कधी मामाची इस्त्री. आपण ट्रान्सफॉर्मरचे व्हेक्टर ग्रुप पाठ केलेले असतात, पण मिक्सरचा तळ कुठून उघडतो ते माहीत नसतं. मेकॅनिकलवाल्यांना कुणी सायकलचं पंक्चर काढायला सांगत नाही, ही आपल्यावर होणारी जुनी अन्यायाची गोष्ट आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कराडला घरी गेलो तेव्हा माझ्या वाट्याला आला बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन. सहा इंची, लोखंडी बॉडीचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा. बटण दाबलं की नुसता गुणगुणायचा. मग बाबा झाडूची काडी घेऊन जाळीतून पात्याला एक टिचकी मारायचे आणि पंखा सुरू व्हायचा. हा प्रकार चार महिने चालू होता आणि घरात कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

इथे जरा थांबतो, कारण हा प्रश्न आपल्या ओरलला हमखास येतो. सिंगल फेज मोटरच्या एका वाइंडिंगमधून जो फ्लक्स तयार होतो तो फिरत नाही, जागच्या जागी कमी-जास्त होतो. तो एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन सारख्या फ्लक्सची बेरीज आहे असं मानता येतं. रोटर उभा असताना दोघांची ओढ सारखीच, म्हणून तो हलत नाही, नुसता थरथरतो. कपॅसिटर दुसऱ्या वाइंडिंगचा करंट पुढे सरकवतो आणि मग एका बाजूचं पारडं जड होतं. कपॅसिटर गेला की हे काम काडीला करावं लागतं. आणि काडी ज्या बाजूला ढकलेल त्या बाजूला पंखा फिरतो. बाबांची काडी नेहमी बरोबर बाजूलाच लागत असेल याची खात्री कोण देणार? उलटी लागली की पंखा बाहेरची हवा आत ढकलत बसायचा.

हे एवढ्यावरच असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. पाडव्याच्या आदल्या दिवशी आई आंघोळ करून बाहेर आली ती भिंतीला धरूनच. "गरगरतंय," म्हणाली आणि सोफ्यावर बसली. डोकं दुखत होतं, मळमळत होतं. बाबांना वाटलं उपवासाचं पित्त. मोकळ्या हवेत अंगणात बसवल्यावर अर्ध्या तासात तिला बरं वाटलं आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बंद बाथरूममध्ये गॅस जळतो, ऑक्सिजन कमी पडायला लागला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, नुसतं गरगरतं आणि मग पाय चालत नाहीत, दाराची कडी काढायचीही ताकद उरत नाही. गॅस गीझरच्या बाथरूममध्ये माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात पेपरात येतात. आपण त्या वाचतो आणि पान उलटतो.

त्याच दिवशी गीझरचा कॉक बंद केला, माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढला आणि बाबा म्हणाले, "आधी तो पंखा बदल. इलेक्ट्रिकलला आहेस ना?"

पंखा निवडताना मी थोडं गणित केलं. आमचं बाथरूम पाच बाय सात फूट, उंची नऊ फूट. म्हणजे ३१५ घनफूट, सुमारे ९ घनमीटर. तासाला दहा वेळा सगळी हवा बदलायची म्हटलं तर ताशी ९० घनमीटर. दुकानातल्या सहा इंची पंख्याच्या डब्यावर २५० लिहिलेलं होतं. जाळी, झडपा आणि धूळ यांनी निम्मं खाल्लं तरी पुरतं. दुकानदाराने दोन प्रकार पुढे ठेवले. एक लोखंडी, तीन वायरींचा. दुसरा प्लास्टिक बॉडीचा, दोन वायरींचा. मी प्लास्टिकचा घेतला आणि त्याचं कारण स्वस्ताई नव्हतं. आमच्या बाथरूमच्या पॉइंटला भिंतीतून अर्थिंगची हिरवी वायर आलेलीच नाही. जुन्या घरांत लाइट-पंख्याच्या पॉइंटला लाल आणि काळी एवढंच असतं. अर्थिंग नसताना लोखंडी बॉडी ओल्या जागी लावणं म्हणजे एके दिवशी ती बॉडी स्वतःच फेज होणार याची सोय करून ठेवणं. प्लास्टिकच्या डब्यावर चौकोनात चौकोन अशी खूण होती, म्हणजे डबल इन्सुलेशन, अर्थिंगची गरज नाही. ही खूण बघायची सवय लावून घ्या, तुमच्या मोबाइलच्या चार्जरवरही बहुतेक ती सापडेल.

आता मुख्य प्रसंग.

सकाळी दहाची वेळ. मी बाथरूमचा स्विच बंद केला. बाबा म्हणाले, "नुसता स्विच नको, मेन बंद कर." मीही शहाण्यासारखा जाऊन मेन बंद करून आलो. हॉलमधला पंखा थांबलेला बघितला. खात्री झाली. लोखंडी स्टूल घेतलं, ज्याच्या एका पायाचं रबर केव्हाच गळून गेलं आहे. फरशी ओली. डाव्या हाताने खिडकीचा गज धरला, उजव्या हाताने जुन्या पंख्याच्या कनेक्टरचं झाकण काढलं. टेस्टर खिशात होता. मेन बंद, स्विच बंद, मग टेस्टर कशाला? चिमटीत वायर धरायला हात पुढे केला तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"अरे, लाइट घालवलीस म्हणतोस, मग देवघरातला बल्ब कसा चालू आहे?"

हात तिथेच थांबला. इन्व्हर्टर! मेन बंद केल्याबरोबर त्याला वाटलं वीज गेली आणि त्याने इमानदारीत घर सांभाळायला घेतलं. तो 'टिक' आवाज मी ऐकलाही होता. पण लहानपणापासून तो इतक्या वेळा ऐकलाय की कानाला त्याचं काही वाटत नाही. हा इन्व्हर्टर घरात आला २००७ च्या आसपास, लोडशेडिंगच्या दिवसांत. मी तेव्हा दुपट्यात होतो. त्या वेळी देवघर, स्वयंपाकघर आणि बाथरूम हे पॉइंट त्याच्या लाइनवर घेतले होते, कारण अंधारात माणूस पडतो तो बाथरूममध्येच. वीस वर्षांत ही गोष्ट घरातले सगळे विसरले, फक्त आईला देवघरातला बल्ब दिसला.

खिशातून टेस्टर काढला. लाल वायरीला लावला, पेटला. ठीक. काळ्या वायरीला लावला, तोही पेटला. म्हणजे मेन बंद, स्विच बंद आणि दोन्ही वायरींवर फेज! खाली उतरलो आणि खरं सांगतो, पाच मिनिटं काहीच केलं नाही.

मग कागद घेऊन बसलो. इन्व्हर्टरमुळे फेज आला हे कळलं. आमचा मेन म्हणजे एका पोलचा एमसीबी, फक्त फेज तोडणारा. न्यूट्रल बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत तसाच जोडलेला आणि तिथे तो जमिनीला बांधलेला. म्हणून माझ्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून परत, असा करंटला पूर्ण रस्ता तयार होता. पण स्विच बंद असताना पंख्यापर्यंत फेज कसा? आणि दोन्ही वायरींवर का?

उत्तर एकच निघतं. स्विच फेजमध्ये नव्हता, न्यूट्रलमध्ये होता. फेज सरळ पंख्यात जात होता आणि बटण दाबून आपण तोडत होतो तो न्यूट्रल. पंखा त्यानेही थांबतो, बटणाकडे बघून काही कळत नाही. पण बंद पंख्याचं वाइंडिंग चोवीस तास फेजला लटकलेलं असतं. न्यूट्रल तुटलेला म्हणून करंट शून्य, करंट शून्य म्हणून वाइंडिंगमध्ये ड्रॉप शून्य, म्हणजे वाइंडिंगच्या दुसऱ्या टोकालाही पूर्ण २३० व्होल्ट. आय गुणिले आर! अकरावीतला ओहमचा नियम स्टुलावर उभं राहून समजला. सरांनी हाच प्रश्न ओरलला विचारला असता तर मी 'टेस्टर खराब असेल' असंच उत्तर दिलं असतं.

टेस्टरबद्दलही दोन शब्द. त्यात सुमारे एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो, म्हणून आपल्या अंगातून जाणारा करंट पाव मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत राहतो आणि आपल्याला तो जाणवत नाही. पण कोरड्या लाकडी पाटावर रबरी चप्पल घालून उभे राहिलात तर तो मंद पेटतो, उन्हात तर तो पेटलेला दिसतच नाही. म्हणून 'टेस्टर पेटला नाही' याचा अर्थ 'वीज नाही' असा घेऊ नये. आधी जिथे वीज आहे हे नक्की माहीत आहे त्या सॉकेटमध्ये लावून तो पेटतो का बघायचं, मग कामाच्या जागी लावायचा, मग पुन्हा त्या सॉकेटमध्ये. त्याहून बरा टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डर, बल्ब आणि दोन वायरी. बल्ब खोटं बोलत नाही.

आणि एमसीबीने वाचवलं असतं का? बिलकूल नाही. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअ‍ॅम्पिअर. दहा-पंधरा मिलिअ‍ॅम्पिअरला पकडलेली वायर हातातून सुटत नाही. आमच्या लाइटच्या लाइनला ६ अ‍ॅम्पिअरचा एमसीबी आहे. त्याच्या दृष्टीने मी म्हणजे एक साधा साठ वॅटचा बल्ब. एमसीबी वायर वाचवायला असतो. माणूस वाचवायचा तर ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी लागतो. जाणारा आणि येणारा करंट सारखा नसेल, म्हणजे मधल्यामध्ये कुठेतरी जमिनीत जात असेल, तर तो सेकंदाच्या अगदी छोट्या भागात लाइन तोडतो. आमच्या घरात तो नव्हता.

तर मग इन्व्हर्टरही बंद केला. इथे आणखी एक मेख आहे. नुसतं इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद केलं आणि मेन चालू ठेवला तर मेनची वीज त्याच्यातून आरपार जाते. म्हणजे दोन्ही बंद करायचे. ते केल्यावर दोन्ही वायरी मेल्या. टेस्टरनेही पाहिलं, टेस्ट लॅम्पनेही पाहिलं, बाबांनी स्वतः येऊन तिसऱ्यांदा पाहिलं.

पंखा मी बसवला, पण उलटी लाइन मी सुलटी केली नाही. १९५६ च्या विद्युत नियमांत दिवे, पंखे, फ्यूज, स्विच अशा वस्तू आहे तशाच्या जागी बदलायला मुभा होती, बाकी वायरिंगचं काम परवानाधारकाने करायचं, आणि २०१० च्या नियमावलीतही ती मुभा कायम राहिली. मला ते पटतं. भिंतीतून काय कुठे गेलंय हे ज्याला बघून कळतं त्यानेच तिथे हात घालावा. बाबांच्या ओळखीचे वायरमन काका दुपारी आले. बाथरूमबाहेरचा बोर्ड उघडला, वरच्या जॉइंट बॉक्समधली काळी टेप सोलली आणि हसायलाच लागले. "हे बघ. लाल काळीला, काळी लालला." इन्व्हर्टरची लाइन जोडताना कुणीतरी बोर्डाकडे जाणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल करून टेप गुंडाळून टाकली होती. म्हणजे एकटा पंखाच नाही, त्या बोर्डावरचं प्रत्येक बटण इतकी वर्षं न्यूट्रल तोडत होतं. याच बोर्डावरच्या बाथरूमच्या बल्बला बाबा बटण बंद करून, ओल्या हाताने कितीदा बदलत आले होते ते त्यांनी मनातल्या मनात मोजलं असावं, कारण ते एकदम गप्प झाले.

काकांना दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. आरसीसीबी बसवायला मात्र दोन तास. लावला की लगेच पडायचा. इन्व्हर्टरच्या लाइनचा फेज आरसीसीबीतून जात होता आणि न्यूट्रल त्याच्या आधीच्या पट्टीवर परत येत होता, त्यामुळे त्याला कायमच गळती दिसायची. न्यूट्रल वेगळे करावे लागले. शिवाय वीज गेल्यावर करंट बॅटरीकडून येतो, तेव्हा मेनजवळच्या आरसीसीबीला इन्व्हर्टरच्या लाइनवर काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून त्या लाइनला दुसरा लावला. बाबांनी खर्चाबद्दल एक शब्द काढला नाही, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं.

पंख्याची जोडणी त्यामानाने किरकोळ. फक्त रंगांचा घोळ होतो. भिंतीत लाल आणि काळी, नव्या पंख्याला तपकिरी आणि निळी. तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल. लाल तपकिरीला, काळी निळीला. हे रंगावर विश्वास ठेवून नाही, आधी कुठली वायर खरी फेज आहे ते तपासून. ज्या घरात टेपखाली लाल-काळी बदलते तिथे रंगाचा काय भरवसा? इन्सुलेशन कनेक्टरच्या स्क्रूपुरतंच सोलायचं, तांब्याची तार बाहेर डोकावता कामा नये. कनेक्टर झाकणाच्या डब्यात, शॉवरचे शिंतोडे पोचणार नाहीत इतका वर. आणि पंख्यात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ ठेवायचा, म्हणजे वाफेचं पाणी वायरीवरून ओघळून मोटरमध्ये न जाता झोळातून खाली टपकतं. फेज-न्यूट्रल उलटे जोडले तर पंखा उलटा फिरतो का, असं बाबांनी विचारलं. नाही फिरत. एसीमध्ये दोन्ही वाइंडिंग एकदमच उलटतात, दिशा तीच राहते. दिशा बदलायची तर दोनपैकी एकाच वाइंडिंगची टोकं बदलावी लागतात आणि ती कंपनीने आत बंद केलेली असतात.

सगळं जोडून बटण दाबलं आणि पंखा नुसता गुणगुणला. बाबा काडी आणायला निघाले! पण या वेळी कपॅसिटरचा दोष नव्हता. मी एका बाजूचे स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्या बाजूला गेलो होतो. प्लास्टिकची फ्रेम पिळवटली आणि पातं कडेला घासत होतं. या मोटरचा टॉर्क एवढासा, तेवढंही तिला जड जातं. सगळे स्क्रू सैल करून समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, जसे गाडीच्या चाकाचे नट आवळतात, आणि पंखा सुरू झाला. जाळीसमोर वर्तमानपत्राची पट्टी धरली, ती जाळीला जाऊन चिकटली. दार पूर्ण लावल्यावर मात्र पट्टी सैल पडली. कारण साधं आहे. बाहेर जेवढी हवा जाणार तेवढी आत यायला वाट हवी आणि आमच्या दाराखाली बोटभरही फट नव्हती. सुताराकडून दाराला खालून जाळीची पट्टी लावून घेतली.

हा पंखा बसला म्हणून गीझर पुन्हा आत सुरू करायचा, असं घरात एकदा बोललं गेलं. मी नाही म्हटलं. तीस वॅटचा पंखा वाफ आणि वास काढायला असतो. वीज गेली, झडप अडकली, कुणी बटण दाबायला विसरलं, की पुन्हा तेच बंद बाथरूम. गीझर मागच्या उघड्या पडवीत हलवला, पाण्याची पाइप भिंतीतून आत घेतली. गॅसवाल्याला वेळ मिळेपर्यंत आठ दिवस अंगणात बंबच पेटत होता आणि सुट्टी संपवून मी निघालो तेव्हा माझ्या कपड्यांना धुराचा वास होता. रूममेटने तो होस्टेलवर आल्या आल्या ओळखला.

जाता जाता होस्टेलबद्दल. आपल्या विंगच्या बाथरूममधला पंखा बंद असेल तर हे वाचून कुणी स्टूल घेऊन चढू नये. मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये लिहा, दोनदा लिहा, रेक्टर सरांना भेटा. घरात मला देवघरातला बल्ब तरी होता. होस्टेलमध्ये कुठला पॉइंट जनरेटरच्या लाइनवर आहे हे तुम्हाला कोण सांगणार? आणि बादलीत रॉड चालू ठेवून पाणी गरम झालं का म्हणून बोट घालून बघणारे जे महाभाग आहेत, त्यांनी हजार ओहमचं वरचं गणित परत एकदा करून बघावं.

निघायच्या दिवशी बाबांनी वहीचा कागद कापून मेनच्या बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवला. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं: 'इन्व्हर्टर वेगळा बंद करणे. देवघर, स्वयंपाकघर, बाथरूम.' आईने तो वाचला आणि म्हणाली, "आणि देवघरातला बल्ब बघणे, असंही लिहा."